सहा आठशे की आठ सहाशे: ऊसतोडणीवरच्या एका बाळाचं प्रकरण

जानेवारीतली संध्याकाळ. पश्चिम महाराष्ट्रातलं, साखर कारखान्याच्या पट्ट्यातलं उपजिल्हा रुग्णालय. बालकक्षात नर्स म्हणून माझी दुपारपाळी संपायला तास राहिला असताना अपघात विभागातून एक बाळ वर आलं. चौदा महिन्यांचा मुलगा. आई-बाप बीड जिल्ह्यातून तोडणीला आलेले, मुक्काम कारखान्यामागच्या कोप्यांवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांत. बरोबर नऊ वर्षांची थोरली बहीण. (ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.)

केसपेपरवर लिहिलं होतं: तीन दिवस जुलाब, दोनदा उलटी, बाळ मलूल, वजन ८.६ किलो. नवीन मेडिकल ऑफिसर खाली होते. त्यांनी डोळे खोल गेलेले पाहिले, पोटाची चिमूट सावकाश मागे जाते हे पाहिलं आणि तीव्र निर्जलीकरण लिहून सलाईनची ऑर्डर दिली. वर्षाच्या पुढच्या मुलाला पहिल्या अर्ध्या तासात किलोमागे ३० मिली आणि पुढच्या अडीच तासांत किलोमागे ७० मिली, हे कुठल्याही जुलाबाच्या तक्त्यात छापलेलं असतं. ८.६ ने गुणलं की पहिला डोस होतो २५८ मिली. ऑर्डरमध्ये चूक काढायला जागा नव्हती, फक्त ती दुसऱ्याच बाळासाठी होती.

आणि मीही तो ८.६ डोळे झाकून माझ्या चार्टवर उतरवून घेतला. हे आधीच सांगून टाकते.

उचलल्यावर

बाळाच्या अंगात दोन स्वेटर, कानटोपी, खाली लोकरीची चड्डी. चेहरा बऱ्यापैकी गोल. आईच्या मांडीवरून खाटेवर घ्यायला म्हणून मी त्याला उचललं आणि हात ठरल्यापेक्षा वर गेला. पाण्याची भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसं झालं. साडेआठ किलोचं पोर उचलताना कमरेला थोडा झोक द्यावा लागतो, हे एका हातात आलं.

सलाईनचा सेट लावून झाला होता, चाक अजून बंद होतं. ते बंदच ठेवलं आणि बाळाचे कपडे काढले. मांडीच्या आतल्या बाजूला कातडीच्या घड्या लोंबत होत्या, फासळ्या मोजता येत होत्या, दंड अगदी बारीक. गाल मात्र शाबूत. खंगत जाणाऱ्या लेकराची चरबी गालावरून सगळ्यात शेवटी उतरते. म्हणून स्वेटरमधून डोकावणाऱ्या चेहऱ्याकडे बघून ‘बरं दिसतंय की’ म्हणणारे आपण नेहमी फसतो.

काट्याशेजारी आम्ही ५ किलोचं माप ठेवतो. ते ठेवून काटा पाहिला, बरोबर होता. पाळण्यात कापड टाकून शून्य केलं आणि बाळाला उघडं ठेवलं: ६.८०. उचलून पुन्हा ठेवलं: ६.७८.

वाढीच्या तक्त्यावर चौदा महिन्यांच्या मुलग्याचं मध्यक, म्हणजे अगदी मधलं, वजन १०.१ किलो. उणे दोनची रेषा (तिच्याखाली वजन कमी) ८.१ वर आणि उणे तीनची (तिच्याखाली अतिकमी) ७.२ वर. म्हणजे ८.६ लिहिलेलं बाळ तक्त्यावर हिरव्यात बसत होतं आणि काट्यावरचं बाळ उणे तीनच्याही खाली. एका अदलाबदलीने आजाराचं नावच बदललं होतं.

हे कसं झालं ते दुसऱ्या दिवशी उलगडलं. खाली गर्दी होती. वजन करणाऱ्याने ओरडून सांगितलं, ‘सहा आठशे’. लिहिणारा तेव्हा दुसऱ्या नातेवाइकाला उत्तर देत होता. कागदावर आलं आठ सहाशे. दोघंही वर्षानुवर्षं तेच काम करणारी माणसं. तेव्हापासून आमच्याकडे वजन तोंडी सांगायचं नाही असं ठरलंय. ज्याने काटा वाचला त्यानेच लिहायचं, लिहिलेलं दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं.

बाकीची मोजणी

दोन वर्षांच्या आतल्या बाळाची उंची निजवून घेतात. त्याला माणसं दोन लागतात: एक डोकं टेकवून धरणारा, दुसरा गुडघे दाबून तळपाय पाटीला लावणारा. एकट्याने घेतलेली लांबी मी मानत नाही. भरली ७२.५ सेंमी. या लांबीला वजन उणे तीनच्या खाली येत होतं. वयाच्या मानाने लांबीही उणे दोनच्या खाली होती, म्हणजे हे काही तीन दिवसांच्या जुलाबाचं काम नव्हतं, कित्येक महिन्यांचं होतं. डाव्या दंडाचा घेर, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, ११.२ सेंमी. पट्टी लाल. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ११.५ च्या खाली आलं की तीव्र कुपोषण, तिथे वाद नाही. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ मोजलं, खड्डा पडला नाही. ही तपासणी राहून जाते, आणि सूज असेल तर त्या पाण्यामुळे वजन फुगून दिसतं.

श्वास मी कपडे काढायच्या आधी, बाळ आईच्या मांडीवर असतानाच मोजला होता. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट: ३४. या वयाला ४० किंवा त्याच्या पुढे गेलं तर जलद. आधी काटा, थर्मामीटर, सुई करून मग रडणाऱ्या लेकराचा श्वास मोजणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. सगळ्यांची मुलं न्युमोनियाची निघतात.

नाडी १३२, हाताला भरीव लागणारी. नख दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परत, म्हणजे शॉक (रक्ताभिसरण कोलमडणं) नाही. हातपाय गार, पण मग सगळं बाळच गार होतं: काखेत ३४.८ अंश. टाचेतून रक्तातली साखर घेतली, ४६. ५४ च्या खाली आली की आम्ही कमी धरतो. मलूलपणाचं कारण हातात आलं होतं, आणि ते पाणी कमी पडल्याचं एकट्याचं नव्हतं.

खालच्या मेडिकल ऑफिसर सरांना फोन केला. ‘सर, वजन ६.८ आहे, दंड ११.२, शुगर ४६, टेम्परेचर ३४.८. शॉक नाही. सलाईन मी सुरू केलेलं नाही.’ पलीकडे दोन क्षण शांतता, मग ‘वर येतो’. आले, स्वतः पुन्हा वजन घेतलं, सलाईनच्या ऑर्डरवर रेघ मारून तारीख-वेळेसह सही केली. मला त्यांचं हे स्वतः वजन घेणं फार आवडलं. नर्सवर विश्वास नाही म्हणून त्यांनी तसं केलं असं मला वाटलं नाही, केसपेपर कसा फसवतो ते त्यांना कळलं होतं.

कुपोषित बाळाच्या बाबतीत निर्जलीकरणाच्या खुणाच खोट्या पडतात. डोळ्यांमागची चरबी गेल्यामुळे डोळे एरवीही खोल असतात आणि कातडीखाली काही उरलेलं नसल्यामुळे चिमूटही एरवीच सावकाश जाते. शिवाय हृदयाचा स्नायूही बाकीच्या स्नायूंसारखाच झिजलेला. त्याच्यावर अर्ध्या तासात पाव लिटर पाणी ढकललं तर बाळ रात्री धापा टाकायला लागतं आणि सकाळी आपण म्हणतो, फारच सीरियस होतं. शॉक नसेल तर शिरेतून पाणी नाही, तोंडाने किंवा नळीने, हा नियम त्यासाठीच आहे.

औषधाचंही तेच. जेंटामायसिन किलोमागे ७.५ मिग्रॅ दिवसातून एकदा: ६.८ ला ५१ मिग्रॅ, ८.६ ला ६४.५. आमच्या वायलमध्ये दोन मिलीत ८० मिग्रॅ असतं, म्हणजे सिरिंजवर १.३ आणि १.६ मधला फरक. तीन बारीक रेघा. मूत्रपिंडाला आणि कानाला त्या रेघा कळतात.

पहिली रात्र

रात्रपाळीची सिस्टर आली तरी मी थांबले. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत नळी मोजून खूण केली, घातली, जागेवर असल्याची खात्री केली आणि १० टक्के ग्लुकोज ५० मिली दिलं. अर्ध्या तासाने साखर ७१. बाळ रडलं. बारीकच, मांजरीच्या पिलासारखं, पण आईने मान वर केली. आल्यापासून तिने पहिल्यांदाच मान वर केली होती.

ऊब द्यायला गरम पाण्याच्या पिशव्या नकोत, पातळ कातडी भाजते आणि ते कळायला उशीर होतो. बाळाला उघडं करून आईच्या छातीशी लावलं, वरून तिचंच लुगडं, त्यावर ब्लँकेट, डोक्याला टोपी. अकराच्या सुमारास तापमान ३६.१.

कुपोषित बाळासाठीचं क्षारमिश्रण किलोमागे ५ मिली, म्हणजे ३४ मिली, दर अर्ध्या तासाने, दोन तास. प्रत्येक वेळी आधी श्वास आणि नाडी. श्वास ५ ने आणि नाडी २५ ने वाढली तर थांबायचं. आमचा श्वास ३६ च्या पुढे गेला नाही. त्यानंतर एफ-७५, म्हणजे कुपोषित बाळाला सुरुवातीला देतात ते दूध, दर दोन तासांनी ७५ मिली, रात्रभर. जुलाब असल्यामुळे मुरमुऱ्याची पूड घालून केलेलं: दूध, साखर, पूड, थोडं तेल, बाकी पाणी.

दोन तासांनी म्हणजे दोन तासांनी. रात्री दोन आणि चारचा घास चुकला की साखर पुन्हा खाली येते आणि बाळ गार पडतं. मोठ्या औषधांचं आपल्याला कौतुक, पण असली लेकरं वाचतात ती पहाटे चारच्या ७५ मिलीवर. त्या चारच्या फीडला उठणाऱ्या माणसाचं नाव कुठल्या कागदावर नसतं, फक्त एक बरोबरची खूण असते.

माहिती कुणाकडे होती

आईला विचारलं, बाळ काय खातं? ‘खातं की शिष्टर, समदं खातं.’ किती वेळा? ‘मागंल तवा.’ ती खोटं बोलत नव्हती, तिला ठाऊकच नव्हतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे चारला फडात, परत यायला कधी दुपार, गाडी भरायची असली तर रात्र. मधले सगळे तास लेकरू नऊ वर्षांच्या बहिणीकडे.

बहीण खाटेच्या पायथ्याशी उभी होती, बोटाने गज घासत. तिच्याजवळ खाली बसून विचारलं, ‘तू काय देतेस गं त्याला?’

‘च्यात बुडवून बिस्कुट.’

‘किती?’

‘दोन. रडला तर चार.’ मग हाताची ओंजळ अर्धी करून दाखवली. ‘आन् डाळीचं पानी. वरचं. भाकर कुस्करून दिली तर थुकतो.’

‘शू कधी केली?’

‘सकाळपासनं न्हाई मुतला. काल दोनदा.’

आईला हे विचारलं असतं तर ‘करतंय की’ एवढंच मिळालं असतं. नऊ वर्षांच्या मुलीने मला दिवसाचा आहार, पाणी कुठलं (ट्रॅक्टरने येतं त्या टाकीचं, उघड्या ड्रममधलं) आणि लघवीचा हिशोब पाच मिनिटांत दिला. आपल्या फॉर्मवर ‘माहिती देणारा: आई’ असं आधीच छापलेलं असतं. ते खोडून मी ‘बहीण’ लिहिलं.

आरोग्य कार्ड गावाकडे पेटीत राहिलं होतं. बापाच्या मोबाइलमध्ये गावच्या अंगणवाडी ताईंचा नंबर निघाला. त्यांनी सकाळी रजिस्टर उघडून वाचून दाखवलं: जन्माला २.६, सहा महिन्यांना ६.९, ऑक्टोबरात निघताना, अकरा महिन्यांना, ७.३. या तीन आकड्यांत सगळं प्रकरण आहे. सहा ते अकरा महिन्यांत सर्वसाधारण मुलगा दीड किलोच्या आसपास वाढतो, हा ४०० ग्रॅम वाढला होता. रेषा तोडणीवर यायच्या आधीच आडवी झाली होती. जन्माचं वजन पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट, वर्षाला तिप्पट, हा ढोबळ हिशोब बहुतेक घरांत माहीत असतो. पहिला टप्पा याने गाठला, दुसरा नाही, आणि दोन्हींच्या मध्ये वरचं अन्न सुरू होतं.

इथे कुणीतरी म्हणतंच, आमच्याही एका कर्मचाऱ्याने म्हटलं: ‘यांची पोरं बारीकच असतात हो, तक्ते परदेशातले.’ जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते सहा देशांतल्या मुलांवरून केलेत आणि त्यात दिल्लीची मुलं आहेत. नीट खायला-प्यायला मिळालेली भारतीय मुलं ब्राझील-नॉर्वेच्या मुलांसारखीच वाढली, हेच तर त्यातून दिसलं.

खाडा

तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले, बाळ वाटीने प्यायला लागलं, नळी काढली. वजन ६.७५. आणि आईने गाठोडं बांधलं.

‘खाडा पडतोय शिष्टर. तीन दिस झाले.’

एकाने कोयता चालवला तर तो अर्धा कोयता. गैरहजेरीचे पैसे कापले जातात, आणि हंगामाआधी घेतलेली उचल तर फेडायचीच असते. सरकारी नियमाप्रमाणे पोषण पुनर्वसन केंद्रात (कुपोषित मुलांच्या उपचारकेंद्रात) बाळाजवळ राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते, पण ती खाड्याच्या जवळपासही जात नाही. मी नेहमीचं सगळं बोलून पाहिलं. ती ऐकत होती, गाठ सोडत नव्हती. मग मी चार्ट तिच्यापुढे धरला आणि दर दोन तासांच्या खुणा दाखवल्या. ‘हे कोपीवर कोण करणार?’ तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, ‘मी करीन.’ आई तिच्याकडे बघत राहिली आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागली.

मुकादमाशी सामाजिक कार्यकर्त्याने बोलणं केलं. तोड निघाली ती अशी: आईने राहायचं, मोळ्या बांधायला मुलगी बापाबरोबर फडात जायची. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. या प्रकरणात आम्ही एक लेकरू वाचवलं असं रिपोर्टमध्ये येतं. मुलीने फेडलेल्या खाड्याला त्या रिपोर्टमध्ये रकाना नाही.

पुढचे दिवस

एफ-७५ जाऊन एफ-१०० हे जास्त ताकदीचं दूध आलं, दोन दिवस तेवढ्याच मापाने आणि मग प्रत्येक फीडला १० मिली वाढवत. बापाने औषधाच्या दुकानातून ‘रक्ताचं टॉनिक’ आणलं होतं, ते बाजूला ठेवलं. संसर्ग अंगात असताना लोह दिलं तर नुकसान होतं. वजन वाढायला लागल्यावर आम्हीच सुरू केलं.

गळ्यात काळा दोरा आणि ताईत होता. आम्ही ‘काढा’ म्हटलं की आई बिथरते, आणि तिचं चुकतं असंही नाही. पण झोपेत दोरा गजाला अडकू शकतो. ताईत करदोट्याला बांधू या म्हटल्यावर तिने लगेच बांधला. जाताना बहिणीने एक खुळखुळा करून ठेवला होता: प्लास्टिकच्या बाटलीत ज्वारीचे दाणे. खेळ म्हणून उत्तमच, अशा बाळांना खेळवणं हा उपचाराचाच भाग. फक्त टोपण सैल होतं. दाणा श्वासनळीत जायला एक क्षण पुरतो. चिकटपट्टीचे चार वेढे दिले आणि परत हातात दिला. खाटेचा एक कठडा लागत नव्हता, म्हणून माय-लेकरांची गादी सरळ जमिनीवर घातली. कठडा दुरुस्त होईपर्यंत बाळ घरी गेलेलं होतं.

विकासाची तपासणी मी नवव्या दिवसापर्यंत केली नाही. आजारी, उपाशी बाळ काय करू शकतं हे बघण्यात अर्थ नसतो. नवव्या दिवशी ते आधाराशिवाय बसलं, खाटेचा पाय धरून उभं राहिलं, चिमटीने मुरमुरा उचलला, चाललं नाही. शब्द एक: ‘ताई’.

सोळाव्या दिवशी वजन ७.४५. रोजची वाढ किलोमागे आठ ग्रॅमच्या आसपास, मध्यम म्हणतात ती. ठरलेली १५ टक्के वाढ म्हणजे ७.८२ व्हायला हवं होतं, तेवढं झालं नाही. आई त्यापुढे एक दिवस थांबणार नव्हती. घरी जाताना शिकवलं ते एवढंच: डाळीचं वरचं पाणी नाही, खालची डाळ. त्यात भाकरी भिजवून, चमचाभर तेल, दिवसातून पाच वेळा. चहा बंद. हे मी आईला एकदा सांगितलं आणि न्यायला आलेल्या बहिणीकडून तीनदा म्हणून घेतलं.

पंधरा दिवसांच्या अंतराने चार फेऱ्या ठरल्या होत्या. दोनदा आले: ७.७, मग ७.९. तिसऱ्या वेळी फड लांब होता. चौथ्या वेळेपर्यंत पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळी गावी गेली.

एप्रिलमध्ये अंगणवाडी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘आलाय, चालतोय आता. वजन आठ शंभर.’ सतरा महिन्यांना उणे दोनची रेषा ८.६ वर आहे, त्याच्या खालीच, पण रेषा वर चाललेली. मी म्हटलं, ‘ताई, काट्याचा फोटो पाठवा.’ त्या हसल्या. ‘विश्वास नाही का माझ्यावर?’ आहे म्हटलं, तरी पाठवा. पाच मिनिटांनी आला. काट्यावर ८.१०, आणि कडेला पाळणा घट्ट धरलेला एका मुलीचा हात.